नेकारकाठचा लंबगोल चेंडू

हायडेलबर्ग हे जर्मनीतल्या गावाचं नाव आपल्या सीमाभागाला तसं अगदीच परकं नाही. खंडोबा, बिरोबा आणि धनगरांच्या ओव्या यांच्या मागे गावोगाव हिंडलेले गुंथर सोंथायमर तिथल्याच विद्यापीठात प्राध्यापक होते. आपण ज्याला खंडोबा म्हणतो तोच कन्नड मुलखातला मैलार, आपला बिरोबा तोच तिकडचा बीरप्पा. आपल्या घरातल्या आज्यांना हे कुणी शिकवावं लागत नव्हतं. या जर्मन माणसानं ते अभ्यासानं जाणून घेतलं आणि १९९२ साली त्यांचं निधन होईपर्यंत त्यावर लिहिलं. त्यामुळे हायडेलबर्ग म्हटलं की आपल्याकडच्या वाचणाऱ्या माणसाला विद्यापीठ आठवतं, पुस्तकं आठवतात.

मला मात्र आज तिथल्या एका खेळाबद्दल सांगायचं आहे. सगळा जर्मनी फुटबॉलसाठी वेडा असताना या गावात गेली सव्वाशेहून अधिक वर्षं रग्बी खेळली जाते, आणि तीसुद्धा हौसेनं. दीड लाखाच्या वर वस्तीचं गाव, म्हणजे आपल्या बेळगावच्या निम्म्याहूनही लहान. त्यात देशातल्या वरच्या पातळीवर खेळलेले तीन-चार क्लब! हे कसं झालं, याचं मला फार दिवस कुतूहल होतं.

आधी खेळाविषयी थोडं. टीव्हीवर वाहिन्या बदलताना आपण तो पाहिलेला असतो, पण ‘ही नुसती मारामारी’ म्हणून पुढे जातो. पंधरा पंधरा जणांचे दोन संघ, आणि चेंडू नारळासारखा लंबगोल. तो उचलून पळत जायचं आणि समोरच्यांच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा. पण खरी गंमत एका नियमात आहे. चेंडू हातानं पुढे फेकायचा नाही. द्यायचा तर बाजूला किंवा मागे. म्हणजे पुढे जायचं असेल तर मागे कोण आहे याचं भान ठेवावंच लागतं. चेंडूवाल्याला कमरेला धरून पाडायचं, हे आपल्या कबड्डीतल्या पकडीसारखंच. आणि किरकोळ चुकीनंतर दोन्हीकडचे आठ-आठ जण खांद्याला खांदा भिडवून, माना खाली घालून रेटारेटी करतात, त्याला स्क्रम म्हणतात. आपल्या तालमीतल्या, कन्नडमधल्या गरडी मनेतल्या पोरांना हे पाच मिनिटांत समजेल असं मला नेहमी वाटतं.

आता हायडेलबर्ग. नेकार नदीच्या दक्षिण काठावर जुनं गाव, वर डोंगरावर तांबड्या दगडाच्या किल्ल्याचे अवशेष, आणि १३८६ सालचं विद्यापीठ. नदीपलीकडे नॉयनहाइम नावाचं खेडं होतं. तिथे इंग्रज मुलांसाठी चालवलेली एक निवासी शाळा होती, नॉयनहाइम कॉलेज. १८५० च्या सुमारास त्या शाळेतली इंग्रज पोरं नदीकाठी हा खेळ खेळू लागली. जर्मनीत रग्बीचा उगम सांगताना इथूनच सुरुवात करतात.

त्या काळचे विद्यापीठातले विद्यार्थी काय करत होते? तलवारी परजत होते! हायडेलबर्गच्या विद्यार्थी-संघटनांत तलवारीची द्वंद्वं चालत, आणि गालावरचा व्रण मिरवण्याची चाल होती. मार्क ट्वेन हा अमेरिकन लेखक १८७८ साली तिथे जाऊन राहिला होता. त्यानं ही द्वंद्वं पाहून त्यांच्याविषयी लिहिलं आहे. विद्यापीठाचा स्वतःचा तुरुंगही होता. रात्री गोंधळ घालणाऱ्या विद्यार्थ्यांना तिथे डांबत, आणि ते भिंतीवर आपली चित्रं रंगवून वेळ घालवत. १९१४ पर्यंत तो वापरात होता, आज पर्यटक तो पाहायला जातात. अशा गावात चेंडूच्या मागे धावणं म्हणजे शाळकरी पोरांचा उद्योग, असंच मानत असणार.

१८७२ साली गावात नाव वल्हवणाऱ्यांचा एक क्लब निघाला, हायडेलबर्गर रूडरक्लुब. रूडर म्हणजे वल्हं. त्याचं नाव आजही तेच आहे, आणि परक्याला हे कोडंच पडतं की वल्ह्यांचा क्लब रग्बी कशी खेळतो. तर त्या इंग्रजी शाळेत एडवर्ड हिल उलरिख नावाचे शिक्षक होते. त्यांच्या पुढाकारानं १८९१ साली या क्लबात रग्बीचा विभाग सुरू झाला. दक्षिण जर्मनीतल्या जुन्या रग्बीच्या मंडळींपैकी ही एक. वल्हवणं हा उन्हाळ्याचा खेळ, रग्बी थंडीचा. एकाच अंगमेहनतीच्या माणसाला दोन्ही ऋतूंत काम मिळालं, हे व्यवहारालाही धरूनच होतं. योगायोग असा की त्याच १८९१ साली नॉयनहाइम हे खेडं हायडेलबर्ग शहरात सामील झालं.

उत्तरेत हॅनोव्हरला १८७८ सालीच एक क्लब निघाला होता. त्यामुळे जर्मन रग्बीची दोन घरं झाली, उत्तरेला हॅनोव्हर आणि दक्षिणेला हायडेलबर्ग. दोघांची खुन्नस अजून चालू आहे.

हे सगळं सुखासुखी झालं असं समजू नका. जर्मन शाळांत तेव्हा कवायत आणि जिम्नॅस्टिक्स यांचं राज्य होतं. रांगेत उभं राहायचं, हुकमानुसार हातपाय हलवायचे. इंग्रजी चेंडूच्या खेळांना ते लोक हसत. १८९८ साली स्टुटगार्टच्या कार्ल प्लांक या शिक्षकानं एक पुस्तिकाच छापली आणि तीत या खेळाला ‘इंग्रजी आजार’ म्हटलं. लाथ मारणं ही हीन क्रिया आहे, ती माणसाला माकडासारखी दाखवते, असा त्याचा एकूण सूर. परक्यांकडून आलेली गोष्ट म्हणजे संस्कृतीवर संकट, हे म्हणणारे लोक सगळीकडे असतात. आपल्या भागात तर दोन्ही भाषांत असतात!

१९०० साली जर्मन रग्बी महासंघ स्थापन झाला. त्याच वर्षी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये जर्मनीतर्फे फ्रँकफर्टचा क्लब उतरला आणि फ्रान्सकडून २७-१७ असा हरला. १९०२ साली नॉयनहाइममध्ये त्या भागाचा स्वतःचा क्लब निघाला, आणि पहिल्या महायुद्धापूर्वीच त्यानं राष्ट्रीय विजेतेपदही मिळवलं. ज्या खेड्याच्या काठावर इंग्रज पोरं खेळत होती, त्याच खेड्याची पोरं आता देशात पहिली आली होती.

मला या इतिहासातला सगळ्यात मोलाचा भाग हाच वाटतो. विद्यापीठाच्या गावात माणसं येतात आणि जातात. तीन-चार वर्षांत विद्यार्थ्यांची एक पिढी संपते. आज जो कप्तान आहे तो परवा नोकरीला दुसऱ्या शहरात. अशा वाहत्या माणसांवर उभी केलेली संस्था टिकायची कशी? आपल्या कॉलेजांत दर वर्षी निघणारी मंडळं आठवा. उत्साही पोरगा पास होऊन गेला की मंडळाची वही कुणाच्या तरी कपाटात राहते.

हायडेलबर्गला खेळ टिकला, कारण तो वसतिगृहातून गल्लीत उतरला. नॉयनहाइमच्या उत्तरेला हान्डशूसहाइम नावाचं गाव आहे. हान्डशू म्हणजे हातमोजा, आणि गावाच्या मानचिन्हातही हातमोजा आहे. १९०३ साली तेही हायडेलबर्गात सामील झालं. हे भाजीपाला पिकवणाऱ्यांचं गाव. आपल्याकडे वडगाव-अनगोळच्या बाजूला जशी भाजीची शेतं आणि ती राखणारी जुनी घराणी, तसंच काहीसं समजा. तिथे रग्बी रुजली आणि पुढे या गावच्या क्लबनंही राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली. इंग्रज साहेबाच्या मुलांचा खेळ भाजीवाल्यांच्या मुलांचा झाला. विद्यार्थी येत राहिले, खेळत राहिले, जात राहिले. पण ड्रेसिंग रूमची किल्ली मात्र गल्लीतल्या माणसाकडे राहिली.

याच्या उलट उदाहरण आपल्याच देशात आहे. कलकत्त्याला १८७३ साली इंग्रजांनी एक रग्बी क्लब काढला. सुरुवातीला सभासद भरपूर, लष्करातले गोरे जवान खेळायला. मग पलटण बदलून गेली, राहिलेल्यांना टेनिस आणि पोलो गोड वाटू लागलं. क्लबातली फुकटची दारू बंद केल्यावर गर्दी ओसरली असंही गमतीनं सांगतात. चार-पाच वर्षांत क्लब मोडला. उरलेल्या सभासदांनी बँकेत शिल्लक असलेले चांदीचे रुपये काढून वितळवले आणि त्याचा एक चषक घडवला. त्याला तीन नागांचे कान आणि झाकणावर हत्ती. १८७८ साली तो इंग्लंडच्या रग्बी संघटनेला देऊन टाकला. आजही इंग्लंड आणि स्कॉटलंड दर वर्षी त्या कलकत्ता चषकासाठी झुंजतात. चषक अमर झाला, पण तेव्हाचा क्लब मोडला तो मोडलाच. त्या क्लबाचा कलकत्त्याच्या गल्लीशी संबंधच नव्हता. मुंबईला जिमखान्यावर मात्र रग्बी टिकली, ही वेगळी गोष्ट. ती कधीतरी सांगेन.

पुन्हा हायडेलबर्गकडे. १९२७ हे जर्मन रग्बीचं लक्षात राहणारं वर्ष. एप्रिलमध्ये पॅरिसला फ्रान्सनं जर्मनीला ३०-५ असं धुतलं, आणि मे महिन्यात फ्रँकफर्टला जर्मनीनं तोच फ्रान्सचा संघ १७-१६ असा हरवला. एका गुणानं! पुढे १९३४ साली या दोन देशांच्या पुढाकारानं इंग्रजांना वगळून युरोपीय संघटना निघाली. खेळ अगदी रंगात आला होता, आणि मग युद्ध आलं. दुसऱ्या महायुद्धानं जर्मन रग्बीचं कंबरडं मोडलं. खेळाडूंची एक पिढीच गेली. बाँबहल्ल्यांत हॅनोव्हर उद्ध्वस्त झालं. हायडेलबर्ग मात्र जवळजवळ शाबूत राहिलं. घरं उभी होती, मैदानं होती, म्हणून खेळ पुन्हा धरता आला. पण फ्रान्सची बरोबरी करण्याचे दिवस परत आले नाहीत.

१९७१ साली राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू झाली, तिला बुंडेसलिगा म्हणतात. नाव फुटबॉलसारखंच, पैसा मात्र नाही. खेळाडू नोकरी करून, अभ्यास करून संध्याकाळी सरावाला येणारे. १९९५ च्या ऑगस्टमध्ये जागतिक संघटनेनं रग्बीतलं हौशीपणाचं बंधन उठवलं. इंग्लंड-फ्रान्समध्ये पगारी खेळाडू आले. हायडेलबर्गला त्याची झळ लगेच लागली नाही, कारण पगार द्यायला होतं कोण?

मग तसा माणूस आला. हान्स-पेटर विल्ड. हायडेलबर्गचाच, १९४१ चा जन्म. जवळच्या एपेलहाइम गावात त्याच्या वडिलांचा कारखाना, आणि पाऊचमधलं कॅप्री-सोन हे सरबत त्यांचंच. या गृहस्थानं २००७ पासून रग्बीत पैसा ओतायला सुरुवात केली. अकादमी काढली, परदेशी प्रशिक्षक आणले, खेळाडूंच्या पोटापाण्याची सोय केली. जुन्या वल्ह्यांच्या क्लबला तर सोन्याचे दिवस आले. २०१० नंतरच्या दशकात त्यांनी विजेतेपदांची रांग लावली. राष्ट्रीय संघ सुधारला. २०१७ च्या फेब्रुवारीत जर्मनीनं रुमानियासारख्या मुरलेल्या संघाला ४१-३८ असं हरवलं, तेव्हा तिकडच्या जाणकारांनी डोळे चोळले.

पण घरात एकट्याच्या पैशावर चूल चालू लागली की सांडशी कुणाच्या हातात, हा प्रश्न येतोच. महासंघ आणि विल्ड यांची अकादमी यांच्यात बिनसलं. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये चिलीविरुद्धच्या सामन्याला नेहमीचे खेळाडू उतरलेच नाहीत. चक्क संप! जोडाजोड करून संघ उभा केला आणि तो हरला. २०१८ च्या युरोपीय स्पर्धेत जर्मनीनं एकही सामना जिंकला नाही, शेवटचा क्रमांक.

पुढचं वाचून हसू येईल. रुमानिया, स्पेन आणि बेल्जियम यांनी नियमात न बसणारे खेळाडू खेळवले होते, म्हणून त्यांचे गुण कापले गेले. सगळे सामने हरलेला जर्मनी कागदोपत्री वर सरकला आणि विश्वचषकाच्या पात्रता फेरीत पोचला! मैदानावर गेलेलं कचेरीत मिळालं. जूनमध्ये पोर्तुगालविरुद्धचा सामना हायडेलबर्गलाच झाला, जर्मनी १६-१३ नं जिंकला. मग सामोआ. तिकडे जाऊन ६६-१५ असा सपाटून मार खाल्ला; १४ जुलैला हायडेलबर्गला परतीचा सामना झाला, त्यात ४२-२८. हरले, पण आपल्या गावच्या मैदानावर सामोआसारख्या संघाला चार वेळा ओलांडून आले असते तर काय, अशी चुटपुट लावण्याइतपत लढले. नोव्हेंबरमध्ये मार्सेलला शेवटची संधी होती. हाँगकाँग आणि केनियाला हरवलं, कॅनडाकडून हरले, आणि विश्वचषकाचं दार बंद झालं.

त्याच वर्षीची दुसरी गोष्ट मला जास्त लागली. वल्ह्यांच्या क्लबनं युरोपातल्या दुसऱ्या फळीच्या मोठ्या स्पर्धेसाठी पात्रता मिळवली होती. इंग्लंड-फ्रान्सच्या पगारी क्लबांशी खेळायला मिळणार होतं. शंभराहून अधिक वर्षांच्या क्लबाच्या आयुष्यातला हा केवढा क्षण! पण विल्ड यांनी २०१७ साली पॅरिसचा स्टाद फ्रान्से हा नामांकित क्लब विकत घेतला होता. एकाच माणसाचा हात दोन क्लबांच्या मागे चालणार नाही, असं म्हणून आयोजकांनी हायडेलबर्गला प्रवेश नाकारला. ज्या पैशानं दारापर्यंत नेलं, त्याच पैशामुळे दार लागलं. खेळलेल्या पोरांचं त्यात काय चुकलं होतं?

देणगीदाराला नावं ठेवणं सोपं असतं, ते मला करायचं नाही. त्या माणसाचं गावावर आणि खेळावर प्रेम होतं हे उघड आहे, नाहीतर फुटबॉल सोडून रग्बीत पैसे कोण घालतो? महासंघाची अडचणही खरी होती. जर्मनीत सरकारी पैसा मुख्यतः ऑलिंपिकमधल्या खेळांना मिळतो, आणि २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये आली ती सात जणांची रग्बी. पंधरा जणांच्या जुन्या खेळाला वाली कोण? अशा वेळी एक उदार हात पुढे आला तर कोण नको म्हणेल? आपल्या तालमींचे, नाट्यमंडळांचे, गणेशोत्सवाचे कारभारी तरी कधी म्हणाले आहेत? मांडवावर दात्याचा फलक एकदा मोठा झाला की घरोघर फिरणारं वर्गणीचं पुस्तक मात्र फडताळात जातं. पाच-दहा रुपयांची ती पावती फाडायला येणाऱ्या पोरांना घरातली माणसं ओळखत असत, चहा देत असत. दाता पुढच्या वर्षी आला नाही, तर ती ओळख पुन्हा कुठून आणायची, ही मला वाटणारी काळजी आहे. तालमीच्या जुन्या वस्तादांशी बोलून पाहा, ते याहून स्पष्ट शब्दांत सांगतील.

हायडेलबर्गला ती ओळख पुसली गेली नव्हती. २०१९ साली राष्ट्रीय विजेतेपद फ्रँकफर्टनं नेलं, हायडेलबर्गची सद्दी संपली. पण नॉयनहाइम, हान्डशूसहाइम आणि वल्ह्यांचे दोन क्लब (हो, वल्हवणाऱ्यांचा आणखी एक क्लब तिथे रग्बी खेळतो, एकानं भागलं नाही) यांचा खेळ थांबला नाही. जे विल्ड यांच्या आधी होते, ते नंतरही होते. एका काठावरचा क्लब दुसऱ्याशी खेळतो तेव्हा एकाच शाळेत शिकलेली, एकाच बसनं जाणारी पोरं समोरासमोर उभी ठाकतात.

रग्बीत सामन्याच्या दोन अर्ध्या डावांनंतरच्या वेळेला जर्मन लोक ‘तिसरा अर्धा डाव’ म्हणतात. शिट्टी वाजली, अंगावरचा चिखल धुतला, की ऐंशी मिनिटं एकमेकांना आडवं पाडणारे दोन्ही संघ एकत्र बसून खातात-पितात. यजमान संघानं पाहुण्यांना वाढायचं अशी रीत. कुणाचा ओठ फुटलेला, कुणाची बोटं पट्टीत. आणि गप्पा सुरू होतात त्या बहुधा पुढच्या सामन्याच्या तारखेवरून.